चहा नको, पोलीस हवेत!

'लाच' हा शब्द आपण बातमीत वाचतो, बोलताना फारसा वापरत नाही. बोलताना आपण 'चहापाणी' म्हणतो. सिग्नलला मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पीयूसी संपलेली असली, की मागे बसलेला मित्र हळूच म्हणतोच, "चहापाण्याचं बघून घे ना." गंमत म्हणजे हा चहा काही फक्त आपल्याकडचा नाही. थायलंडमध्ये लाचेला 'खा नाम चा' म्हणतात, म्हणजे शब्दशः चहाच्या पाण्याचे पैसे. कंबोडियातही लाच म्हणजे चहाचे पैसेच. केनियातला पोलीस सरळ 'चाय' मागतो. दक्षिण आफ्रिकेत तेवढं 'कोल्ड्रिंक' मागतात, पण मतलब तोच.

चिनी भाषेतही पोलिसांचा एक चहा आहे. त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. चीनमध्ये 'त्याला चहा प्यायला बोलावलंय' असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, की समोरच्याला कळतं, पोलिसांनी चौकशीला बोलावलंय. ऑनलाइन काय लिहिलंस, कुणाला भेटलास, पुन्हा असं करणार नाहीस ना, असं सगळं. अनेकदा ना अटक, ना गुन्हा. फक्त 'चहा'. आणि तो पिऊन आलेला माणूस पुढचे कित्येक महिने तोंड उघडत नाही.

परदेशात राहणारा साधा चिनी माणूस, म्हणजे दुकानदार, शिंपी, कारखान्यातला कामगार, शिकायला गेलेली मुलगी, या दोन चहांच्या मध्ये सापडलेला आहे. जिथे राहतो तिथले पोलीस त्याच्याकडे चहाचे पैसे मागतात. आणि मायदेशाच्या पोलिसांना मदतीला बोलवावं, तर ते उद्या आपल्यालाच चहाला बोलावतील ही भीती. 'चिनी' म्हटलं की आपल्याकडे सीमावाद, मोबाइल अॅप आणि मंचुरियन याच्यापुढे गप्पा जात नाहीत. पण पोलीस भ्रष्ट असले की नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला या माणसांच्या कहाण्यांइतकं स्पष्ट उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

पैसे असतील, तक्रार नसेल

दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग घ्या. तिथल्या सिरिलडीन भागात डेरिक अव्हेन्यू हा रस्ता शहराचं नवं चायनाटाउन म्हणून ओळखला जातो. दक्षिण आफ्रिकेत चिनी माणसं शंभराहून अधिक वर्षं आहेत, पण १९९० नंतर आली ती लाट वेगळी होती. त्यातले पुष्कळ जण चीनच्या किनारपट्टीवरच्या फुजियान प्रांतातले. त्यांनी अगदी लहान लहान गावांत दुकानं थाटली. चपला, ब्लँकेट, प्लॅस्टिकच्या बादल्या, स्वस्त कपडे. माल जोहान्सबर्गच्या घाऊक बाजारातून आणायचा आणि पैसे रोख मोजायचे. म्हणजे महिन्यातून काही वेळा हा माणूस नोटांची पिशवी घेऊन शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो. हे त्याला जसं माहीत असतं, तसं लुटारूंनाही माहीत असतं. वाटेत लूट, दुकानावर दरोडा, घरात शिरून मारहाण, हे तिथल्या चिनी दुकानदारांच्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. त्याच रस्त्यावर कागद तपासायच्या नावाखाली गाडी अडवणारे गणवेशातले लोकही भेटतात. त्यांना 'कोल्ड्रिंक' हवं असतं.

ज्या देशाचे पोलीसप्रमुखच लाचखोरीत सापडले, तिथे शिपायाला कोण काय बोलणार? जॅकी सेलेबी हे दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय पोलीस आयुक्त होते, शिवाय २००४ ते २००८ इंटरपोलचे अध्यक्ष होते. २०१० मध्ये भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याचा चिनी दुकानदारांशी काही संबंध नव्हता. पण असा माणूस सर्वांत वरच्या खुर्चीत बसलेला असताना खालच्या दुकानदाराने कुठल्या भरवशावर ठाण्याची पायरी चढायची?

'ते आफ्रिकेत होतं' असं म्हणून सोडून देऊ नका. पॅरिसला लागून ओबेरव्हिलिए नावाचं उपनगर आहे. चिनी घाऊक कपडे व्यापाराचं मोठं केंद्र. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे एका ४९ वर्षांच्या चिनी शिंप्यावर तीन तरुणांनी हल्ला केला. त्यांना त्याच्या मित्राची बॅग हवी होती. बॅगेत निघालं काय, तर फोनचा चार्जर आणि थोड्या गोळ्या-चॉकलेटं. शिंपी पाच दिवसांनी गेला. 'चिन्यांकडे रोकड असतेच' या एका समजुतीने त्याचा जीव घेतला. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये चिनी वंशाची हजारो माणसं रस्त्यावर उतरली. एरवी 'आपण बरं, आपलं दुकान बरं' म्हणून गप्प राहणारा हा समाज. मागणी साधी होती, सगळ्यांना सुरक्षा द्या.

पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, पॅरिसच्या एकोणिसाव्या विभागात पोलिसांनी एका ५६ वर्षांच्या चिनी माणसाला त्याच्याच घरात, मुलींच्या समोर गोळी घातली. पोलीस म्हणाले, त्याने हल्ला केला. घरचे म्हणाले, तो कात्रीने मासे साफ करत होता. पुन्हा लोक रस्त्यावर आले. दोन वर्षांनी फ्रेंच न्याययंत्रणेने पोलिसाची कृती स्वसंरक्षणाची मानून प्रकरण बंद केलं. कोण खरं, कोण खोटं, हा निवाडा करायला मी बसलेले नाही. पण एक विचार करा. आदल्या वर्षी 'आम्हाला जास्त पोलीस द्या' म्हणून मोर्चा काढलेल्या लोकांनी, या घटनेनंतर पोलिसांना फोन लावताना किती वेळा विचार केला असेल?

लुटारूचा हिशेब इथे लक्षात येतो. एक, या माणसाकडे रोकड असते. दोन, त्याला इथली भाषा धड येत नाही. तीन, त्याचे व्हिसाचे कागद कदाचित अर्धवट असतात. पण या तीन गोष्टी चौथ्या गोष्टीवाचून अपुऱ्या आहेत. ती चौथी म्हणजे, हा पोलिसांकडे जाणार नाही ही खात्री. पहिल्या तिन्हींमुळे माणूस अडचणीत येतो, चौथीमुळे तो सावज होतो. आणि ही चौथी गोष्ट गुन्हेगार तयार करत नाहीत. ती पोलीस ठाण्यात तयार होते.

ज्याच्याकडे जायचं, तोच

आग्नेय आशियात तर ही साखळी उघड्यावर आली. जानेवारी २०२३ मध्ये कोविडनंतर चिनी पर्यटक पुन्हा थायलंडला यायला लागले होते. तेवढ्यात एका चिनी तरुणीचा व्हिडिओ व्हायरल झाला. विमानतळापासून हॉटेलपर्यंत तिला पोलिसांची गाडी सोबत, रस्ता मोकळा करून देत. काही हजार थाई बात मोजले की ही 'व्हीआयपी सेवा' मिळत होती. त्याच महिन्यात तैवानच्या एका अभिनेत्रीने सांगितलं, की बँकॉकमध्ये पोलिसांनी नाकाबंदीत अडवून तिच्याकडून २७ हजार बात उकळले. पोलिसांनी आधी इन्कार केला, मग प्रकरण अंगाशी आल्यावर पोलिसांवर गुन्हे दाखल झाले. दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या की चित्र पूर्ण होतं. पैसे असतील तर पोलीस पुढे धावतो, आणि पैसे आहेत असं वाटलं तर तोच पोलीस आडवा येतो.

फिलिपिन्समधली गोष्ट आणखी जुनी. मनिलातलं बिनोंडो हे जगातलं सर्वांत जुनं चायनाटाउन समजलं जातं, १५९४ पासूनचं. पिढ्यानपिढ्या तिथेच राहून फिलिपिनो झालेली चिनी कुटुंबं १९९० च्या दशकात अपहरणांनी हैराण झाली होती. अपहरण झालं की पैसे द्यायचे, माणूस परत आणायचा आणि गप्प बसायचं, ही पद्धतच पडली. कारण काही टोळ्यांमध्ये आजी-माजी पोलीसच होते. जानेवारी १९९३ मध्ये १५ वर्षांची एक मुलगी अपहरणकर्ते आणि पोलीस यांच्यातल्या गोळीबारात मेली आणि या समाजाचा बांध फुटला. तिची अंत्ययात्रा हाच मोर्चा झाला. तेरेसिता आंग-सी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यातून चळवळ उभी केली आणि अपहरण झालेल्या कुटुंबांना बोलतं करायला सुरुवात केली.

वीस-पंचवीस वर्षांनी त्याच देशात नवी माणसं आली. २०१६ नंतर फिलिपिन्स सरकारने परदेशी गिऱ्हाइकांसाठी ऑनलाइन जुगार चालवणाऱ्या कंपन्यांना परवाने दिले. त्यांना तिथे 'पोगो' म्हणतात. चीनमध्ये जुगाराला बंदी, पण जुगारी चिनीच, म्हणून चिनी बोलणारे कामगार हवेत. हजारो तरुण आले. त्यांना आत घ्यायलाही दर होता. २०२० मध्ये सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं, की मनिलाच्या विमानतळावर माणशी १० हजार पेसो घेऊन चिनी प्रवाशांना बिनचौकशी आत सोडलं जात होतं. नोटांची गुंडाळी पांढऱ्या कागदात बांधून अधिकाऱ्यांना मिळायची, अगदी 'पास्तियास' नावाच्या तिथल्या दुधाच्या मिठाईसारखी. म्हणून प्रकरणाचं नावच 'पास्तियास' पडलं. आपल्याकडे मिठाईचा बॉक्स, तिकडे पास्तियास! पुढे इमिग्रेशन खात्यातले चाळीसहून अधिक जण बडतर्फ झाले.

पण या मिठाईचा खरा परिणाम बघा. जो तरुण लाच देऊन देशात शिरला, त्याचे कागद पहिल्या दिवसापासून कच्चे. त्याचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला, त्याला कोंडलं, मारलं, कर्जाच्या बदल्यात दुसऱ्या टोळीला विकलं, तरी तो पोलिसांकडे जाणार कसा? तिथे पहिला प्रश्न येणार, तू आत कसा आलास? म्हणजे विमानतळावर घेतलेली लाच पुढे गुन्हेगाराला फुकटचं संरक्षण देते. जून २०२४ मध्ये मनिला परिसरात तीन चिनी आणि एका मलेशियन नागरिकाच्या अपहरणात चार पोलीसच संशयित म्हणून पकडले गेले. जुलै २०२४ मध्ये अध्यक्ष मार्कोस यांनी पोगोंवर पूर्ण बंदीची घोषणा केली. बांबान नावाच्या गावात नगरपालिकेच्या इमारतीच्या मागेच असा एक प्रचंड अड्डा चालत होता. तिथल्या माजी महापौर अॅलिस गुओ यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये मानवी तस्करीच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली.

'त्यांचं ते बघतील' म्हणणाऱ्यांना

इथे कुणीतरी म्हणणारच, "अरे, पण लुटणारेही चिनीच ना? मग त्यांचं ते बघतील."

अर्धी गोष्ट खरी आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये चीनने आफ्रिकेतल्या अंगोलातून ३७ चिनी संशयितांना खास विमानाने परत नेलं. आरोप होते अपहरण, खंडणी आणि बायकांना फसवून देहविक्रीला लावण्याचे. त्यांचे बळीही चिनीच. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर चिनी किराणा दुकानं आहेत. त्यांच्याकडून खंडणी उकळणारी, न देणाऱ्यांवर गोळ्या झाडणारी टोळीही चिनीच होती. २०१६ मध्ये तिच्यावर मोठी कारवाई झाली. मनिलाच्या कसिनोत हरलेल्या चिनी जुगाऱ्याला व्याजाने पैसे देऊन मग त्यालाच डांबून ठेवणारे सावकारसुद्धा त्याच्याच देशाचे.

पण टोळीवाला आपल्याच माणसाला का लुटतो? देशप्रेम कमी पडतं म्हणून? नाही. त्याला आपल्या माणसाची भाषा कळते, गावी आईवडील कुठे राहतात ते माहीत असतं, व्हिसा कधी संपला ते माहीत असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हा ठाण्यात जाऊन बोलू शकणार नाही हेही माहीत असतं. फेब्रुवारी २००४ मध्ये इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागरात रात्री शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले. त्यांना तिथे नेणारा मुकादम चिनी होता. मुकादम म्हणजे काय ते ऊसतोडीच्या भागातल्या मुलांना समजावून सांगायला नको. पाणी वाढत असताना एका मजुराने आणीबाणीच्या नंबरवर फोन लावला. त्याला दोनच इंग्रजी शब्द जमले, 'सिंकिंग वॉटर'. मुकादमाला शिक्षा झालीच. पण ब्रिटनने तेवढ्यावर न थांबता त्याच वर्षी शेती आणि मासेमारीसारख्या धंद्यांत मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. 'त्यांचं ते बघतील' असं ब्रिटिश संसदेला म्हणता आलं असतं. ती तसं म्हणाली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता घरचा चहा

मग मायदेशाने यात उतरायचं का? चीन उतरला. त्याची कारणंही समजण्यासारखी आहेत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी थायलंड, लाओस आणि म्यानमारच्या सीमेवर मेकाँग नदीत दोन मालवाहू जहाजांवरच्या १३ चिनी खलाशांची हत्या झाली. मृतदेह सापडले तेव्हा कित्येकांचे हात बांधलेले होते. अमली पदार्थांचा तस्कर नॉ खाम याचं नाव पुढे आलं, आणि त्याच्यासोबत काही थाई सैनिकांवरही संशय आला. चीनमध्ये संतापाची लाट उसळली. चीनने शेजारी देशांबरोबर नदीत संयुक्त गस्त सुरू केली, नॉ खामला लाओसमध्ये पकडलं गेलं, आणि १ मार्च २०१३ रोजी चीनमध्ये त्याला फाशी नव्हे, विषारी इंजेक्शनने देहदंड दिला. त्याला शिक्षेसाठी नेतानाची दृश्यं टीव्हीवर दाखवली. संदेश स्पष्ट होता, आमच्या माणसाला हात लावाल तर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात शोधून काढू.

जोहान्सबर्गच्या दुकानदाराला हे ऐकून बरं वाटणारच. तिथे २००४ मध्ये चिनी समाज आणि पोलीस यांच्यात सहकार्यासाठी एक केंद्र सुरू झालं. चिनी बोलणारी माणसं फोन घेतात, तक्रार लिहून द्यायला दुभाषा देतात. ज्याला ठाण्यात कुणी दाद देत नाही, त्याच्यासाठी ही मदत लहान नाही.

पण त्याच नाण्याची दुसरी बाजू २०२२ मध्ये समोर आली. 'सेफगार्ड डिफेंडर्स' या मानवी हक्क संस्थेने अहवाल काढला, की चीनच्या काही प्रांतांच्या पोलिसांनी कित्येक देशांमध्ये अनधिकृत 'सेवा केंद्रं' थाटली आहेत. वर्षअखेरीस त्यांचा आकडा १०० च्या वर गेला. चीनचं म्हणणं, तिथे स्वयंसेवक बसतात आणि लायसन्स नूतनीकरणासारखी कामं करून देतात. संस्थेचं म्हणणं, त्यांतल्या काही केंद्रांचा उपयोग परदेशातल्या माणसांवर 'परत या' म्हणून दबाव आणायला होतो, आणि त्यासाठी गावाकडच्या नातेवाइकांनाही वेठीला धरलं जातं. आर्यर्लंड आणि नेदरलँड्सने आपल्याकडची केंद्रं बंद करायला लावली. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधलं असं केंद्र चालवल्याच्या आरोपावरून दोघांना अटक झाली, आणि पुढे त्यातल्या एकाने गुन्हा कबूलही केला.

आता त्या दुकानदाराच्या जागी उभं राहून बघा. इथला पोलीस चहाचे पैसे मागणार. मदतीसाठी घरच्या माणसांकडे जावं, तर त्यांच्या वहीत नाव, पत्ता, फोन नंबर सगळं जाणार. उद्या मुलीने एखाद्या निदर्शनात भाग घेतला, की गावी आजोबांच्या दारात कुणीतरी उभं राहणार. म्हणजे सुरक्षेची किंमत म्हणून त्याने आपलं तोंड गहाण ठेवायचं. माझं मत विचाराल तर ही केंद्रं उगवतात ती स्थानिक पोलिसांनी सोडलेल्या रिकाम्या जागेत. ठाण्यात ज्याला खुर्ची मिळते, त्याला दुसऱ्या पोलिसांची गरज पडत नाही.

आपल्या पोरांचं काय?

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल, तर म्यानमारची बातमी आठवा. थायलंडच्या सीमेला लागून म्यावाडी भागात केके पार्कसारखे सायबर फसवणुकीचे अड्डे उभे राहिले. चालवणाऱ्यांमध्ये चिनी टोळ्या, आणि कोंडलेल्यांमध्येही हजारो चिनी. जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग हा चिनी अभिनेता कामासाठी म्हणून थायलंडला गेला आणि थेट तिथे पोहोचवला गेला. त्याच्या प्रेयसीने सोशल मीडियावर आवाज उठवला म्हणून तो काही दिवसांत सुटला. ज्यांच्यासाठी ट्रेंड करायला कुणी नव्हतं ते मागेच राहिले. फेब्रुवारीत शेकडो चिनी परत नेले गेले, तेव्हा त्यांना विमानातून पोलिसांच्या पहाऱ्यात उतरवण्यात आलं. बळी कोण आणि आरोपी कोण, हे ठरायच्या आधीच.

त्याच अड्ड्यांमधून मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीय परत आले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांच्या सुटकेची माहिती दिली आणि त्यांना तिकडे पाठवणाऱ्या एजंटांना पकडलं. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी, डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट. ही जाहिरात ज्यांच्यासाठी असते ते आपल्याच वयाचे असतात. सीमा ओलांडताना जो अधिकारी डोळेझाक करतो, तो पासपोर्ट चिनी आहे की भारतीय हे बघत नाही. त्याला चहाशी मतलब.

आणि उलट्या बाजूनेही बघू. आपल्या शहरांत 'बाहेरचा' कोण? २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या आणि पुण्यातून ईशान्य भारतातली हजारो मुलं मिळेल त्या रेल्वेने घरी निघाली. कोविडच्या सुरुवातीला याच मुलांना 'चिनी' म्हणून हिणवलं गेलं. ती भारतीयच आहेत, तरी त्यांच्यातल्या कितीजणांना ठाण्यात जाऊन तक्रार द्यावीशी वाटली असेल? फुटपाथवरचा परप्रांतीय भाजीवाला, रात्रपाळीचा नेपाळी वॉचमन, भाड्याच्या खोलीतला आफ्रिकी विद्यार्थी. यांना लुटणं सोपं का आहे, याचं उत्तर जोहान्सबर्गपेक्षा वेगळं नाही.

मग करायचं काय?

उपाय अगदीच नाहीत असं नाही. अमेरिकेत २००० साली एक व्हिसा सुरू झाला, 'यू व्हिसा'. गंभीर गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या परदेशी माणसाला, कागद अपुरे असले तरी, तो मिळू शकतो. वर्षाला १० हजारांची मर्यादा आहे, रांग कित्येक वर्षांची आहे, पोलिसांची सही लागते, म्हणजे पुन्हा त्याच दारात जावं लागतं. त्रुटी आहेतच. पण त्यामागचा विचार पक्का आहे. आधी तुझ्यावर गुन्हा झाला का ते सांग, व्हिसाचं नंतर बघू.

हा क्रम बदलला की सगळं बदलतं. तक्रार घेणारा वेगळा आणि व्हिसा तपासणारा वेगळा असेल, तर लुटारूच्या हिशेबातली ती चौथी ओळ पुसली जाते. ठाण्यात दुभाषा असेल, फोनवर का होईना, तर दुसरी ओळही पुसली जाते. यासाठी ड्रोन लागत नाहीत, चेहरे ओळखणारे कॅमेरे लागत नाहीत. मोरकॅम्बच्या मजुराला स्वतःच्या भाषेत 'आम्ही अमुक ठिकाणी आहोत' एवढं वेळेवर सांगता आलं असतं, तर निदान शोध कुठे घ्यायचा ते तरी कळलं असतं.

पोलीस कसे आहेत हे आपण नेहमी आपल्या अनुभवावरून ठरवतो. माझी तक्रार घेतली, माझा मोबाइल शोधून दिला, म्हणजे पोलीस चांगले. पण ज्याच्यामागे नगरसेवक नाही, नातेवाईक नाहीत, ज्याला भाषाही येत नाही, त्याला ठाण्यात काय वागणूक मिळते, यावरून ते ठरवायला हवं. आपल्यापैकी कितीतरी जण पुढच्या दोन-चार वर्षांत शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणार आहेत. तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं, की आपणही 'तो' माणूस होणार. रोकड असलेला, उच्चार वेगळा असलेला, व्हिसाची तारीख मोजणारा.

जोहान्सबर्गच्या त्या चिनी दुकानदाराला कुणाचाच चहा नको आहे. दरोड्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ठाण्यात जावं, समोरच्याने त्याचं म्हणणं ऐकून लिहून घ्यावं आणि एका चिठ्ठीवर केस नंबर लिहून द्यावा, एवढंच त्याला हवं आहे.